मंगळाच्या पत्रिकेतली पृथ्वी

ऑगस्ट उजाडला की मोबाइलवर एक निरोप फिरू लागतो. येत्या सत्तावीस तारखेला मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र दिसणार, हे दृश्य पुन्हा कुणाच्या हयातीत नाही, तेव्हा दहा जणांना पाठवा. निरोपाचं मूळ २००३ सालचं आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळपास साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आलेला नव्हता, आणि याहून जवळ तो २२८७ साली येईल. पंचाहत्तर पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा भासेल, अशा अर्थाचं एक वाक्य तेव्हा कुणीतरी लिहिलं होतं. पुढे त्यातली दुर्बीण गळाली आणि उरलेलं अर्धं वाक्य वीसहून अधिक वर्षं जगभर हिंडतंय. त्या रात्री मंगळाचं बिंब २५ विकलांचं होतं. चंद्राचं असतं साधारण १८०० विकलांचं. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. वाद मिटवायला एवढा हिशेब पुरतो.

मात्र पनवेल तालुक्यातल्या नेऱ्यात उभं राहून हा निरोप वाचला तर त्यातली आणखी एक गंमत कळते. २७ ऑगस्टला नेऱ्यात आकाश नसतंच. पनवेलहून सुकापूर ओलांडून माथेरानच्या पायथ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. पुढे मालडुंगे, धोदाणी, आणि धोदाणीतून थेट माथेरानला चढणारी पायवाट. ऑगस्टमध्ये गाढी नदी भरून वाहत असते, पूर्वेची माथेरानची रांग आणि तिच्या अलीकडचा प्रबळगड दिवसाढवळ्या ढगात बुडालेले असतात. मंगळ चंद्राएवढा झाला तरी इथल्या माणसाला तो दिसण्याचा संभव कमीच.

मंगळ ऐन पावसाळ्यात जवळ येणं हा काही २००३ सालचा दैवयोग नव्हता. मंगळाची कक्षा चांगलीच लंबगोल आहे. सूर्यापासून तो कमीत कमी सुमारे २० कोटी ७० लाख किलोमीटरवर येतो आणि जास्तीत जास्त २४ कोटी ९० लाखांवर जातो. त्याच्या कक्षेतला सूर्याजवळचा बिंदू ज्या दिशेला आहे, त्या दिशेला पृथ्वी दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस असते. साहजिकच दोघांची गाठ त्या सुमारास पडली तरच ती जवळून पडते. १९७१, १९८८, २००३, २०१८ आणि आता येणारी २०३५, या सगळ्या मोठ्या प्रतियुत्या (प्रतियुती म्हणजे सूर्य आणि मंगळ यांच्या बरोबर मध्ये पृथ्वी येणं) जुलैची अखेर ते सप्टेंबरची अखेर या दोन महिन्यांत आल्या किंवा येणार आहेत. २७ जुलै २०१८ ला तर गुरुपौर्णिमा होती, या शतकातलं सर्वांत लांब खग्रास चंद्रग्रहण होतं, झाकोळलेल्या चंद्राशेजारी मंगळ प्रतियुतीत होता. आणि कोकणात ऐन पावसाळा होता. उलट जानेवारी ते मार्च या काळातल्या प्रतियुतीला मंगळ जवळजवळ दुप्पट लांब असतो, त्याचं बिंब निम्म्यावर येतं, पण आकाश लख्ख असतं. कोकणातल्या माणसाला मंगळ जवळ असताना दिसत नाही आणि दिसतो तेव्हा लांब असतो.

म्हणून ‘सर्वांत जवळ’, ‘सर्वांत मोठा’, ‘सर्वांत तेजस्वी’ या बातम्या आपल्या काही कामाच्या नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. मंगळात पाहण्यासारखं जे आहे ते त्याच्या आकारात नाही. दहा विकलांचा काय आणि पंचवीस विकलांचा काय, नुसत्या डोळ्यांना तो ठिपकाच. पाहण्यासारखी आहे ती त्याची चाल. एरवी ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकणारा हा ग्रह दर २६ महिन्यांनी एकदा थबकतो, दोन-अडीच महिने उलटा, पश्चिमेकडे चालतो, पुन्हा थबकतो आणि मार्गाला लागतो. यालाच आपण वक्री होणं म्हणतो. ही चाल पाहायला दुर्बीण लागत नाही, मागचे तारे मात्र दिसावे लागतात. खारघर-कामोठ्याच्या गॅलरीतूनही मंगळ दिसतो, नाही असं नाही. पण तिथे तो एकटा दिसतो, आणि एकट्या ठिपक्याची चाल कळत नाही. शहराच्या उजेडाने मंगळ पुसला गेलेला नाही. पुसली गेली आहे ती त्याच्या मागची पाटी.

नेऱ्याला अजून ती पाटी थोडीफार शिल्लक आहे. पश्चिमेला पनवेलच्या बाजूचं आकाश क्षितिजापासून बरंच वरपर्यंत उजळलेलं असतं. पूर्वेला मात्र माथेरानची भिंत आहे, आणि तिच्यावरचं आकाश अजून काळं म्हणता येईल असं आहे. त्या भिंतीमुळे पंचांगातल्या उदयवेळेनंतर मंगळ इथे पंधरा-वीस मिनिटं उशिरा उगवतो. त्या वेळात एक वेगळा प्रश्न विचारून पाहावा: या क्षणी मंगळावर कुणी उभं असेल तर त्याला आपण कसे दिसत असू?

उत्तर सोपं वाटतं. तो जवळ म्हणजे आपणही जवळ, तो ठळक म्हणजे आपणही ठळक, शिवाय पृथ्वी आकाराने दुप्पट, तेव्हा आणखीच ठळक. हे चूक आहे, आणि का चूक आहे ते नीट समजून घेण्याजोगं आहे. ज्या रात्री मंगळ आपल्याला सर्वांत छान दिसतो त्या रात्री सूर्य, पृथ्वी आणि मंगळ या क्रमाने एका ओळीत असतात. सूर्य आपल्या पाठीशी, मंगळ समोर, त्याचा पूर्ण उजळलेला चेहरा आपल्याकडे. मंगळावरच्या माणसासाठी मात्र सूर्य आणि पृथ्वी एकाच दिशेला असतात. सूर्याच्या झळाळीत पृथ्वी हरवलेली, आणि तिची जी बाजू मंगळाकडे असते ती रात्रीची, म्हणजे आपली, नेऱ्याची. आपण ज्या रात्री मंगळाकडे टक लावून पाहत असतो, नेमक्या त्याच रात्री मंगळाला आपण दिसू शकत नाही. दोघांमधलं अंतर एकच आहे, पण दिसण्याचा व्यवहार दोन्हीकडून सारखा नाही.

कधीकधी ही ओळ इतकी नेमकी जुळते की मंगळावरून पाहिलं तर पृथ्वी सूर्यबिंबावरून सरकताना दिसावी, एक काळा ठिपका आणि त्याच्या मागे किंवा पुढे चंद्राचा आणखी बारीक ठिपका. ११ मे १९८४ ला असं अधिक्रमण झालं. पाहायला तिथे कुणी नव्हतं. मंगळाच्या जमिनीवर उतरलेलं ‘व्हायकिंग १’ नोव्हेंबर १९८२ मध्येच मुकं झालं होतं. पुढचं अधिक्रमण १० नोव्हेंबर २०८४ ला आहे. त्या दिवशी पृथ्वीवरून मंगळ ऐन भरात दिसेल आणि मंगळावरून पृथ्वी म्हणजे सूर्यावरचा एक तीळ.

मग मंगळावरून पृथ्वी दिसते केव्हा आणि कशी? आपल्याला शुक्र दिसतो तशी. पृथ्वीची कक्षा मंगळाच्या आत असल्यामुळे ती तिथल्या आकाशात सूर्यापासून फार लांब जाऊच शकत नाही. मंगळ सूर्याजवळ असताना फार तर ४७ अंश, एरवी त्याहून कमी. म्हणजे मध्यरात्री डोक्यावर पृथ्वी आली आहे असं मंगळावर कधीच घडणार नाही. ती संध्याकाळी पश्चिमेला दिसेल नाहीतर पहाटे पूर्वेला. दुर्बिणीतून पाहिली तर तिला चंद्रासारख्या कला असतील: कधी कोर, कधी अर्धी, आणि पूर्ण असते तेव्हा सूर्यापलीकडे. ‘स्पिरिट’ या गाडीने ८ मार्च २००४ ला सूर्योदयाच्या तासभर आधी पृथ्वीचा फोटो काढला. चंद्रापलीकडच्या एखाद्या जगाच्या जमिनीवरून काढलेला तो पृथ्वीचा पहिला फोटो. ३१ जानेवारी २०१४ ला ‘क्युरिऑसिटी’ने सूर्यास्तानंतर ऐंशी मिनिटांनी आकाशाकडे कॅमेरा वळवला, तेव्हा पृथ्वी १६ कोटी किलोमीटरवर होती आणि सायंतारा होती.

या दोन तारखांमधून एक सुरेख नियम हाती लागतो. २००४ च्या फोटोच्या आधी, ऑगस्ट २००३ मध्ये प्रतियुती होऊन गेली होती. २०१४ च्या फोटोनंतर, एप्रिल २०१४ मध्ये प्रतियुती यायची होती. प्रतियुतीच्या आधीच्या महिन्यांत मंगळ आपल्याला उत्तररात्री, पहाटेकडे दिसतो, आणि तेव्हा मंगळावर पृथ्वी संध्याकाळी दिसते. प्रतियुती उलटली की मंगळ आपल्याकडे संध्याकाळचा होतो आणि पृथ्वी तिकडे पहाटेची. आपली पहाट आणि त्यांची संध्याकाळ अशी ही अदलाबदल न चुकता चालू आहे.

त्या २०१४ च्या फोटोतलं मला सर्वांत आवडणारं ते पृथ्वीच्या खाली दिसणारं चंद्राचं पुसट टिंब. मंगळावर उभ्या माणसाला पृथ्वी आणि चंद्र हे नुसत्या डोळ्यांनी दोन वेगळे तारे म्हणून दिसतील. त्या दिवशी त्यांच्यात फार तर आठ कलांचं, म्हणजे ४८० विकलांचं, अंतर दिसू शकत होतं. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरीला सप्तर्षीतले वसिष्ठ आणि अरुंधती दाखवतात, त्या दोघांत बारा कलांचं अंतर आहे. म्हणजे पृथ्वी आणि चंद्र हे मंगळावरचे वसिष्ठ-अरुंधतीच, थोडे अधिक बिलगलेले. फरक एवढाच की अरुंधती जागची हलत नाही, आणि चंद्र दर पंधरवड्याला पृथ्वीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना दिसेल. एक गोल दुसऱ्या गोलाभोवती फिरतो हे दाखवायला आपल्याकडे गॅलिलिओला १६१० साली दुर्बीण घेऊन गुरूचे चंद्र पाहावे लागले. मंगळावर हे एखाद्या गुराख्याला माहीत असतं. सगळं काही आपल्याच भोवती फिरतं हा समज तिथे फार काळ टिकला नसता.

आता एका लोकप्रिय विचाराशी माझं थोडं भांडण आहे. अवकाशातून काढलेला पृथ्वीचा असा कुठलाही फोटो आला की लगेच प्रवचन सुरू होतं: पाहा, केवढासा ठिपका, आणि त्यावर आपण जातीधर्मावरून, बांधावरून भांडतो. भावना चांगली आहे. पण ती फोटोतून निघत नाही, आपण फोटोवर चढवतो. लांबून पाहिलं की कुठलीही गोष्ट लहानच दिसते, मग त्यात पृथ्वीचं वेगळं काय? नेऱ्याहून मंगळही ठिपकाच दिसतो. तेवढ्यावरून तिथला ऑलिंपस मॉन्स हा सूर्यमालेतला सर्वांत उंच ज्वालामुखी क्षुद्र ठरत नाही. मंगळाच्या आकाशात पृथ्वी सर्वांत ठळक ताराही नाही. शुक्र तिथेही तिच्यापेक्षा उजळ दिसतो, आणि गुरू आपल्या भरात असला की तोही. हे वाचून नम्र व्हायचं असेल त्याने जरूर व्हावं. पण दुसरीकडून पाहण्याचा उपयोग फक्त नम्रतेपुरता आहे असं धरणं म्हणजे एका धारदार हत्याराची शोभेची वस्तू करणं.

ते हत्यार योहानेस केप्लरने वापरलं. मंगळावर बसून पृथ्वी पाहणारा पहिला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी केप्लरचं नाव घेईन. टायको ब्राहे या आकाशनिरीक्षकाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्याच्या हाती आल्या होत्या आणि त्याला मंगळाची कक्षा शोधायची होती. अडचण अशी की आपण ज्या पृथ्वीवरून पाहतो तीच हलते, आणि तिची कक्षा नेमकी ठाऊक नसताना मंगळाची कशी काढणार? केप्लरने जागा बदलली. मंगळ ६८७ दिवसांत सूर्याभोवती एक फेरी पुरी करतो. म्हणजे ६८७ दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन नोंदींत मंगळ अवकाशात त्याच जागी असतो. पृथ्वी मात्र दोन वर्षांना त्रेचाळीस-चव्वेचाळीस दिवस कमी पडल्यामुळे वेगळ्या जागी असते. अशा नोंदी निवडून, मंगळाला खुंटा मानून, तिथून पृथ्वी कुठे कुठे दिसली असती ते त्याने मांडलं, आणि त्यावरून आधी पृथ्वीची वाट काढली. पृथ्वीही इतर ग्रहांसारखीच कधी जलद, कधी मंद चालते हे त्यातून ठरलं. मग तीच वाट वापरून तो मंगळाकडे वळला. मंगळाची कक्षा वर्तुळ नसून दीर्घवर्तुळ आहे हा निष्कर्ष १६०९ साली ‘अॅस्ट्रोनोमिया नोव्हा’ या ग्रंथात छापला गेला. एकही यान उडायच्या साडेतीनशे वर्षं आधी, कागदावर, कुणीतरी मंगळावरून पृथ्वी पाहिली होती, आणि ती कल्पना म्हणून पाहिली नव्हती, मोजण्यासाठी पाहिली होती.

आपल्याकडे आर्यभटाने इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या अखेरीस हीच चाल अर्धी खेळली होती. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असं त्याने म्हटलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे सांगण्यासाठी त्याने पाहणाऱ्याची जागा हलवली. नंतरच्या बऱ्याच टीकाकारांना ते पचलं नाही आणि त्यांनी त्या श्लोकाचा अर्थ वळवून घेतला. ग्रहांच्या वक्री चालीसाठी मात्र आर्यभटानेही वर्तुळावर वर्तुळ रचण्याचाच मार्ग धरला. तिथेही नाव चालवली असती तर काय झालं असतं, हा विचार करून चुटपुट लागते.

वक्री चालीकडे याच रीतीने पाहू. नेऱ्यापासून मंगळापर्यंत एक सरळ रेषा कल्पा आणि ती दोन्ही बाजूंना ताऱ्यांपर्यंत वाढवा. या रेषेचं एक टोक ज्या ताऱ्यांवर टेकतं तिथे आपल्याला मंगळ दिसतो; दुसरं टोक टेकतं तिथे मंगळावरच्या माणसाला पृथ्वी दिसते. रेषा एकच असल्यामुळे ती जितकी आणि ज्या दिशेने वळेल, तितकी आणि त्याच दिशेने ती दोन्ही टोकांना वळणार. प्रतियुतीच्या सुमारास आतल्या बाजूने जास्त वेगाने धावणारी पृथ्वी मंगळाला मागे टाकते, तेव्हा रेषा उलट वळते आणि मंगळ आपल्याला वक्री दिसतो. त्याच दिवशी, तितकीच, पृथ्वी मंगळावरून वक्री दिसते. वक्री होण्याचा दिवस एक, मार्गी होण्याचा दिवस एक. आपण म्हणतो तो उलटा चालला. तिकडचा म्हणेल ही उलटी चालली. प्रत्यक्षात दोघंही आपापल्या वाटेने पुढेच चाललेले असतात.

तेव्हा ‘मंगळ वक्री आहे’ हे मंगळाबद्दलचं विधानच नाही. ते दोघांच्या मधल्या रेषेबद्दलचं आहे. मंगळावर ज्योतिषी असता तर त्याने त्याच आठवड्यात पंचांगात ‘पृथ्वी वक्री’ अशी नोंद केली असती आणि कुणाचं तरी लग्न लांबणीवर टाकलं असतं. त्याच्या पत्रिकेत मंगळ हा ग्रहच नसता, मंगळ त्याच्या पायाखाली. त्याच्या जागी पृथ्वी असती, आणि ती सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नसल्यामुळे सूर्याच्या राशीत नाहीतर तिच्या आसपासच सापडली असती, आपल्याकडे बुध-शुक्र सापडतात तशी. पृथ्वीदोष कोणत्या स्थानांवरून ठरवायचा याचे नियम त्याला वेगळे करावे लागले असते. हसू येतं, पण आपल्या नियमांकडे तरी काय आधार आहे? पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असेल तर मंगळदोष. बारा घरांपैकी पाच. म्हणजे काही न पाहता, निव्वळ योगायोगाने, शंभरातल्या चाळीसहून अधिक माणसांना ‘मंगळ आहे’. एवढ्या लोकांची लग्नं अडली तर समाजच अडेल, म्हणून मग अपवादांची यादी लांबत जाते.

या गोष्टी पडताळून पाहता येतात आणि महाराष्ट्रात त्या पडताळल्या गेल्या आहेत. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुलं अशा दोन गटांतल्या प्रत्येकी शंभर, एकूण दोनशे पत्रिका जमवल्या. सत्तावीस ज्योतिष्यांना त्यांतल्या चाळीस-चाळीस देऊन, कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं आली ४६ टक्के. छापा-काटा केला असता तर पन्नासाच्या आसपास आली असती.

नेऱ्याचं नाव महाराष्ट्रात आकाशामुळे माहीत नाही, शांतिवनामुळे माहीत आहे. कुष्ठरुग्णांच्या उपचाराचं आणि पुनर्वसनाचं काम इथे कित्येक दशकं चाललं आहे. अंगावर चट्टा दिसला की माणसाला गावाबाहेर काढण्याची रीत आपल्याच गावांतली. त्या भीतीमागे निदान एक खरा जंतू होता. हॅन्सन या डॉक्टरने तो १८७३ साली शोधला, आणि १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आल्यावर त्याचा धाकही ओसरला. मंगळाच्या भीतीमागे जंतूही नाही. तरी स्थळ पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न पत्रिकेचा असतो, आणि मंगळ असलेल्या मुलीला नाकारताना कुणाला अपराधी वाटत नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो बिनतोड वाटेल. जागा बदलली की सगळंच बदलतं, तर मग खरं असं काही उरतं का? ज्याचं त्याचं खरं, असं म्हणून सोडून द्यायचं का? नाही. जागा बदलून पाहण्याचा फायदाच हा की काय बदलतं आणि काय बदलत नाही हे वेगळं काढता येतं. सायंतारा की पहाटतारा, हे बदलतं. ठळक की अदृश्य, हेही बदलतं. पण दोघांमधलं अंतर दोन्हीकडून तेवढंच आहे, दोन प्रतियुत्यांमधले सरासरी ७८० दिवस दोन्हीकडून तेवढेच आहेत, वक्री व्हायचे दिवस तेच आहेत. सूर्य मध्ये आला की दोघंही एकमेकांना दिसत नाहीत. जून २०१५ मध्ये असं झालं तेव्हा आपल्या मंगळयानाशी संपर्क काही दिवस बंद ठेवावा लागला होता. आणि काही फरक असे आहेत की ते नजरेचे नसून रचनेचे आहेत. पृथ्वी मंगळावरून कोरीसारखी दिसू शकते, मंगळ आपल्याला कधीच कोरीसारखा दिसत नाही, कारण आत कोण आणि बाहेर कोण हे ठरलेलं आहे. त्यात मत नाही. सगळं सापेक्ष आहे असं म्हणणारा आणि आपलीच जागा मधोमध आहे असं मानणारा, दोघंही सारखेच आळशी. दोघांनीही दुसऱ्या टोकाला जाऊन हिशेब केलेला नसतो.

हा हिशेब पुस्तकातून कळतो, पण पटतो तो आकाश पाहून, आणि त्यासाठी वर म्हटलं तसे मागचे तारे लागतात. नेऱ्याचा परिसर २०१३ पासून विमानतळ प्रभावित क्षेत्रात, ‘नैना’त आहे. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली. इमारती येणार, रस्ते रुंद होणार, दिवे लागणार. ते होऊ नये असं मी म्हणणार नाही. पनवेलच्या माणसाने घर घेऊ नये आणि शहरातल्या हौशी माणसाला अंधार मिळावा, ही मागणी अन्यायाची आहे. पण दिव्याचा उजेड रस्त्यावर पडावा, ढगांवर पडू नये, यासाठी वरून झाकलेले दिवे लागतात आणि त्यांत वीजही कमी जाते. अंधार राखणं महाराष्ट्राला अपरिचित नाही. पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. पेंच मात्र मुंबई-पनवेलच्या शाळकरी मुलाला एका संध्याकाळीत जाऊन येण्याजोगं नाही. नेरे आहे.

मंगळाची पुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ ला आहे. अंतर दहा कोटी किलोमीटरहून थोडं जास्त, बिंब चौदा विकलांहून कमी, म्हणजे वर्तमानपत्रांच्या दृष्टीने फारसं काही नाही. पण आकाश कोकणातल्या फेब्रुवारीचं असेल आणि मंगळ मघेच्या ठळक ताऱ्यापाशी असेल, शेजारी गुरूही त्याच महिन्यात प्रतियुतीला आलेला. १० जानेवारीच्या सुमारास मंगळ वक्री होईल आणि १ एप्रिलच्या सुमारास मार्गी. घरात आठवी-नववीतलं मूल असेल तर त्याच्या हाती एक कोरी वही द्या, दर आठवड्याला एकदा शहराबाहेर न्या, आणि मघा, मंगळ आणि आजूबाजूचे चार तारे कागदावर मांडायला सांगा. बारा आठवड्यांत मंगळाची उलटी चाल त्याच्याच हाताने काढलेली असेल. मग त्याला सांगा की नेमक्या याच दिवसांत मंगळावरून पृथ्वी वक्री आहे, आणि ऐन प्रतियुतीच्या सुमारास ती तिथे कुणाला दिसत नाही. पुढची संधी २५ मार्च २०२९ ची. तेव्हाही नेऱ्याच्या पूर्वेला मंगळ नक्की दिसेल. त्याच्या मागचे तारे दिसतील का, हे तोवर तिथे कसे दिवे लागतात त्यावर ठरेल.